कोरडवाहू घरांची असुरक्षितता मोजताना खारपाणपट्टा ‘सुरक्षित’ का दिसतोय?

पांदण_७ (प्रश्न)

नमस्कार. दारव्हा (यवतमाळ) तालुक्यातली तीन गावं आणि दर्यापूर (अमरावती) तालुक्यातली तीन, अशा सहा गावांत घरोघरची पाहणी करायची आहे. एक हंगाम हातचा गेला तर कोणतं घर तग धरेल, कोणतं बसेल आणि का, एवढं शोधायचं आहे. दारव्ह्याकडची गावं उताराची, बरड (उथळ, मुरमाड) आणि मध्यम जमिनीची. दर्यापूरकडची पूर्णेच्या खोऱ्यातली, खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे. गावामागे ४० घरं, एकूण २४०. फिरायला चार जण. वेळ एप्रिल-मे.

२००९ मध्ये मोझांबिकमधल्या दोन जिल्ह्यांसाठी मांडलेला उपजीविका असुरक्षितता निर्देशांक आराखडा म्हणून घेतला आहे. त्यात सात घटक आहेत: कुटुंबाची रचना, उपजीविकेचे मार्ग, सामाजिक संबंध, आरोग्य, अन्न, पाणी, आणि आपत्ती व हवामानाची अनिश्चितता. प्रश्नावली १४० प्रश्नांची झाली. दोन्हीकडची दहा-दहा घरं चाचणी म्हणून केली, तर दर्यापूरकडची घरं सुरक्षित आणि दारव्ह्याकडची असुरक्षित निघाली. हे पटण्यासारखं नाही. जिथं विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही आणि एक मोठा पाऊस झाला की आठवडाभर वावरात पाय ठेवता येत नाही, तिथली घरं सुरक्षित कशी?

सूचक चुकले, की गणित चुकलं, की घरं निवडायलाच चुकलो? शिवाय उत्पन्नाचे आणि कर्जाचे आकडे कोणी खरे सांगत नाही, त्याचं काय करावं?

काळी_कसदार

आधी सूचकांकडे पाहू. ‘शेती किती एकर’, ‘विहीर आहे का’, ‘घर पक्कं का’ असे प्रश्न तुमच्या यादीत नक्की असतील. खारपाणपट्ट्यात जमीनधारणा त्या मानाने मोठी, गावात विहिरीही असतात. दोन्हींचे गुण मिळाले आणि घर ‘सुरक्षित’ झालं. पण ती विहीर ओलिताची नाही, आणि ते पाच एकर दारव्ह्याच्या पाच एकरांसारखे नाहीत.

‘विहीर आहे का’ काढून टाका. त्याऐवजी विचारा: दिवाळीनंतर पिकाला चालेल असं पाणी सलग किती तास मिळतं आणि कोणत्या महिन्यापर्यंत? आणि पाणी स्वतः मोजा. खिशात मावणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मीटर पुरतो. ओलिताच्या पाण्याची विद्युतवाहकता २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली, म्हणजे क्षार साधारण १,४४० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) झाले, की ते पाणी भारी काळ्या जमिनीत ओलितासाठी धरूच नका. मीटर एकूण क्षार दाखवतो, सोडियम वेगळा दाखवत नाही, आणि पूर्णेच्या खोऱ्यात खरी गोम सोडियमची आहे. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

जमिनीत सोडियम आहे का, याचा अंदाज मात्र वावरातच घेता येतो. काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड किंवा पावसाचं पाणी घ्या. वीतभर खालच्या मातीचा हरभऱ्याएवढा वाळलेला खडा त्यात अलगद सोडा आणि ग्लास हलवू नका. खडा फुटून त्याची भुकटी तळाशी बसली तर त्यात विशेष काही नाही, काळी माती फुटतेच. पण दोन तासांनी खड्याभोवती दुधासारखा ढग दिसला आणि तो पसरत गेला, तर जमीन चोपणाकडे (सोडियमने घट्ट झालेली, पाणी न मुरणारी) झुकली आहे असं समजा. विहिरीचं खारं पाणी वापरून ही चाचणी करू नका. क्षारांमुळे ढग धरतच नाही आणि वाईट जमीनही चांगली दिसते. बरेच जण नेमकं इथंच चुकतात.

दारव्ह्याकडे जमिनीची खोली मोजा. सातबाऱ्यावर ती कळत नाही. नाल्याचा काठ, विहिरीची कड, नवीन खोदलेला चर, जिथं मातीचा उभा काप दिसतो तिथं टेपने मोजा. नसेल तर सब्बल मारून मुरूम कुठं लागतो ते पाहा. काळी माती एका सेंटिमीटर खोलीला पिकाच्या उपयोगाचं साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी धरते. म्हणजे २५ सेंमी बरडात ३८ ते ५० मिमी, आणि ९० सेंमी भारी जमिनीत १३५ ते १८० मिमी. सोयाबीन फुलाशेंगांवर असताना रोज ४ ते ५ मिमी पाणी ओढतं. हिशोब करा: बरडातलं पीक दहा दिवसांच्या उघाडीत (पावसाच्या खंडात) माना टाकतं, भारीतलं महिना काढतं. दोघांवर पाऊस एकच पडला, तरी झळ सारखी नाही. हा फरक तुमच्या १४० प्रश्नांत कुठेच नसेल तर बाकीचे प्रश्न कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

पावसाचा आकडा जिल्ह्याचा घेऊ नका, तालुक्याचाही नको. महसूल मंडळाचा (तालुक्याच्या आतला काही गावांचा गट) रोजचा पाऊस घ्या, जितकी वर्षं मिळतील तितकी. वर्षाची बेरीज बाजूला ठेवा, कारण तेवढ्याच बेरजेत एक वर्ष भरभरून पिकतं आणि दुसरं बुडतं. चार गोष्टी मोजा. पेरणीलायक ७५ ते १०० मिमी पाऊस कोणत्या तारखेला पुरा झाला. त्यानंतर पहिल्या तीन आठवड्यांत उघाड पडून दुबार पेरणीची वेळ किती वर्षी आली. ऑगस्ट-सप्टेंबरात सलग दहा दिवस २.५ मिमीच्या खालचे, अशी उघाड किती वेळा झाली. एका दिवसात ६५ मिमीच्या वर पाऊस किती वेळा झाला. पाचवी गोष्टही धरा: ऑक्टोबरच्या पहिल्या वीस दिवसांतला पाऊस, कारण सोयाबीनची सुडी (कापून रचलेला ढीग) तेव्हा वावरात असते.

दर्यापूरसाठी यातली चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची, दारव्ह्याच्या बरडासाठी तिसरी. दोन्हीकडे ‘दुष्काळी वर्षं किती’ हा एकच प्रश्न विचाराल तर खारपाणपट्टा सुरक्षितच दिसेल. तिथं पीक पाण्यावाचून जातं त्यापेक्षा साचलेल्या पाण्यानं जास्त जातं, आणि खरीप गेला तरी ओलीवर हरभरा निघतो. म्हणून तिथं ‘रब्बीची ओल राहिली का’ हा सूचक हवा.

रोकड_उधार

उत्पन्न किती, हा प्रश्न विचारूच नका. कोणाकडे तो आकडा तयार नसतो आणि जो सांगितला जातो तो समोरचा कशासाठी आला आहे हे पाहून. पिकागणिक विचारा: बियाण्याच्या किती बॅगा लावल्या, किती पोती निघाली, पोतं किती किलोचं, विकली कुठं, भाव काय लागला, पैसे हातात कधी आले. कपाशीचं प्रत्येक वेचणीचं वेगळं विचारा, कारण पहिल्या वेचणीचा भाव आणि उलंगवाडीच्या (हंगाम संपतानाच्या) कवडीचा, म्हणजे हलक्या कापसाचा भाव यांत मोठं अंतर असतं. वेचणीची मजुरी किलोवर दिली असेल तर तो आकडा बाईंना विचारा. पुरुषांपेक्षा त्यांना नेमका माहीत असतो.

त्याहून महत्त्वाचं, पैशाचं वर्ष मांडा. कागदावर गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत बारा महिन्यांचे रकाने करा, कारण सालगड्याचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतमजुराचं) साल तिथूनच धरतात. वरच्या ओळीत आलेला पैसा, खालच्या ओळीत गेलेला. मे-जूनमध्ये बियाणं आणि खत, जुलैत शाळा आणि निंदण, ऑगस्ट-सप्टेंबरात फवारण्या, दिवाळीच्या आसपास सोयाबीन, नोव्हेंबर ते जानेवारी कापूस, मग तूर-हरभरा, एप्रिल-मे लग्नं. बहुतेक घरं वर्षाच्या बेरजेवर नव्हे, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांवर मोडतात. पैसा एक रुपया येत नाही आणि खर्च थांबत नाही. त्या चार महिन्यांत दवाखाना निघाला की आधी फवारणी चुकते, मग पीक.

कर्जाचे प्रश्न असे ठेवा: कोणाकडून, कोणत्या महिन्यात, कशावर, फेडायचं कधी आणि कशाने. ‘व्याज किती’ विचारलं की उत्तर येतं ‘व्याज नाही, उधारी आहे’. तिथं थांबू नका. समजा जूनमध्ये २०,००० रुपयांचं बियाणं-खत उधार आणलं आणि नोव्हेंबरात २४,००० लिहिले गेले. वर माल त्याच दुकानात घालायचा, क्विंटलमागे बाजारापेक्षा २०० रुपये कमी भावानं. १५ क्विंटल सोयाबीन घातलं तर ३,००० आणखी गेले. पाच महिन्यांना २०,००० वर ७,००० म्हणजे ३५ टक्के, वर्षाला ८४. हे ‘बिनव्याजी’ म्हणून नोंदलं तर पाहणी खोटी ठरते.

पीककर्ज वेळेवर भरणारं घर सुरक्षित, हेही गृहीत धरू नका. मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं, म्हणून लोक कसंही करून भरतात. पुष्कळ घरी ते ‘नवं-जुनं’ असतं: आठ-पंधरा दिवसांसाठी बाहेरून पैसा उचलायचा, बँकेत भरायचा, नवीन कर्ज मिळालं की बाहेरचा फेडायचा. बँकेच्या वहीत हा खातेदार नियमित. म्हणून विचारा: भरायला पैसे कुठून आणले, किती दिवसांसाठी, वर काय द्यावं लागलं?

शेत गहाण आहे का, याला ‘नाही’ उत्तर येईल. ‘कोणाला खरेदीखत करून दिलंय का, जे पैसे परत केल्यावर उलटून मिळणार आहे?’ असं विचारा. सावकारीचा २०१४ चा कायदा असला तरी हा प्रकार गावात सगळ्यांना ठाऊक असतो.

एक अट मात्र पाळा. कर्जाचा भाग त्याच गावच्या माणसाने विचारायचा नाही, आणि त्या कागदावर घराचं नाव लिहायचं नाही. फक्त क्रमांक. नावांची वही वेगळी, वेगळ्या माणसाकडे. कोणाकडे किती उधारी आहे ही यादी चुकीच्या हाती पडली तर त्या घराला पुढच्या जूनमध्ये बियाणं मिळणार नाही. तुमच्या अहवालापेक्षा ते बियाणं मोठं आहे.

मोजपट्टी

वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण गणितातही एक सापळा आहे आणि तुमचा उलटा निकाल मला त्यातून आलेला दिसतो. तुम्ही शेवटी सात घटकांचे तीन गट केले असतील आणि सूत्र लावलं असेल: झळ (हवामानाचा मारा किती बसतो) वजा सावरण्याची ताकद, आणि त्याला गुणिले नाजूकपणा (त्या माऱ्याने घराचं किती बिघडतं). उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये येतं.

आता दोन घरं घ्या. दोन्हींची झळ ०.४, ताकद ०.५. पहिल्याचा नाजूकपणा ०.३, दुसऱ्याचा ०.८. पहिल्याचं उत्तर उणे ०.०३, दुसऱ्याचं उणे ०.०८. म्हणजे जे घर जास्त नाजूक तेच जास्त सुरक्षित ठरलं! कंसातली वजाबाकी उणे झाली की हे सूत्र उलटं फिरतं. खारपाणपट्ट्यात जमीन, विहीर आणि पक्क्या घरामुळे तुमची ताकद फुगली, कंस उणे झाला, आणि खाऱ्या पाण्याचा जेवढा नाजूकपणा तुम्ही प्रामाणिकपणे नोंदवला तेवढं घर सुरक्षित होत गेलं. चाचणीच्या वीस घरांत कंस कुठं उणे आहे ते पाहा, लगेच कळेल.

उपाय साधा आहे. गुणाकार सोडा. तिन्ही गट शून्य ते एकमध्ये आणा, ताकद उलटी करा (एक वजा ताकद), म्हणजे तिन्हींत आकडा वाढला की असुरक्षितता वाढली असं एकाच दिशेला येईल. मग सरासरी घ्या. आणि अहवालात सरासरीच्या शेजारी तिन्ही आकडे वेगवेगळे छापा, कारण काम त्यांच्यावरच करायचं आहे. एकच आकडा पाहून कोणालाही शेततळं द्यायचं की कर्ज सोडवायचं हे ठरवता येत नाही.

एक खुलासा: झळ, नाजूकपणा, ताकद ही तिहेरी मांडणी हवामान बदलाच्या आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालापर्यंतची. २०१४ च्या अहवालात झळ असुरक्षिततेतून काढून ‘जोखमी’त घातली. कोणतीही वापरा, पण अर्धे सूचक एका मांडणीचे आणि अर्धे दुसरीचे असं करू नका.

दुसरी चूक किमान-कमाल काढताना होते. सूचकाचा आकडा वजा किमान, भागिले कमाल वजा किमान, हे सगळे करतात. पण नमुन्यात ४० एकरांचं एक घर आलं की दोन एकरवाल्याला ०.०५ आणि पाच एकरवाल्याला ०.१२५ मिळतात. गावाच्या दृष्टीनं या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि तुमच्या तक्त्यात ते नाहीसं झालं. हद्द आधीच ठरवा: शून्य ते दहा एकर, दहाच्या वर सगळे एक. हद्द नमुन्यावरून न काढता ठरवून घेतली की पुढच्या वर्षीचे आकडेही याच आकड्यांशी ताडता येतात. नाहीतर दर वर्षी पट्टीच बदलते.

वजनांचं: मूळ पद्धतीत प्रत्येक उपसूचकाला सारखं वजन आहे, म्हणून ज्या घटकात प्रश्न जास्त तो घटक आपोआप जड होतो. १४० प्रश्नांत आरोग्याचे ३० आणि पाण्याचे ८ असतील तर तुम्ही नकळत ठरवून टाकलंत की आरोग्य पाण्याच्या जवळपास चौपट महत्त्वाचं.

पिकांची विविधता काढताना एक वजा हिश्श्यांच्या वर्गांची बेरीज घेतात. पाच एकरांत तीन कपाशी, दीड सोयाबीन, अर्धा तूर: हिस्से ०.६, ०.३, ०.१, वर्गांची बेरीज ०.४६, विविधता ०.५४. बरी दिसते. पण कपाशी, सोयाबीन, तूर तिन्ही त्याच पावसावर आणि तिन्ही विकायची पिकं. कपाशीच्या सहा तासांमागे (ओळींमागे) एक तास तूर टाकली तर तिचा अर्धा एकर कागदावर वेगळा दिसतो, वावरात नाही. म्हणून विविधता पिकांची न काढता मिळकतीची काढा, आणि एकाच कारणाने बुडणाऱ्या मिळकती एकत्र धरा. शेती आणि वेचणीची मजुरी या दोन नाहीत. कापूस बुडाला की वेचणीही बुडते. शेळ्या वेगळ्या, अंगणवाडीचं मानधन वेगळं, शहरातल्या मुलाचा पैसा वेगळा.

शेवटी पडताळणी. घरांच्या चिठ्ठ्या करा आणि गावातल्या तीन वेगळ्या गटांना, समजा बचत गटातल्या बायका, मजूर आणि जाणती माणसं, ‘एक हंगाम गेला तर आधी कोण बसेल’ या क्रमाने ढीग लावायला सांगा. तुमच्या निर्देशांकाशी जिथं जुळत नाही तिथं परत त्या घरी जा. बहुधा गावच बरोबर असतं. मग एकेक सूचक काढून गणित पुन्हा चालवा. एक सूचक काढल्यावर वीसातली सहा-सात घरं वरच्या गटातून खालच्या गटात गेली, तर निकाल त्या एकट्या सूचकावर उभा आहे.

तांडा_बेडा

घरं कशी निवडली ते तुम्ही लिहिलं नाही. ८-अ च्या (गावातल्या खातेदारांच्या जमिनीच्या नोंदीच्या) यादीवरून निवडली असतील तर भूमिहीन, सालगडी आणि मक्त्याने-बटईने (दुसऱ्याची जमीन ठरलेल्या रकमेवर किंवा वाट्यावर) करणारे आधीच बाहेर पडले. रेशन यादीवरून निवडली असतील तर वेगळी चूल मांडलेलं पोर बापाच्या कार्डावर दडलेलं असतं. दोन्ही याद्या घ्या, ग्रामपंचायतीची घरपट्टीची तिसरी घ्या, आणि आशाताई किंवा अंगणवाडीताईंना बसवून घर-घर जुळवा. एका गावाला एक दिवस जातो, पण त्याशिवाय पुढचं सगळं वाकडं.

मग थर करा: भूमिहीन मजूर, सालगडी, निव्वळ मक्त्याची शेती करणारे, अडीच एकरांच्या आतले, अडीच ते पाच, पाचच्या वरचे, आणि एकट्या बाईचं घर. ज्या थरात घरं थोडी, तिथूनही निदान पाच-सहा घ्या, आणि गावाची सरासरी काढताना त्यांच्या खऱ्या प्रमाणाचं वजन द्या. दारव्ह्याकडे तांडा (बंजारा वस्ती) आणि असला तर बेडा (पारधी वस्ती) मूळ गावापासून दूर असतो. निवडीची सुरुवात तिथून करा. शेवटी ठेवला की संध्याकाळ होते आणि राहून जातो.

मक्तेदाराचा थर वेगळा ठेवण्याचं कारण असं. सातबारा मालकाचा, म्हणून पीककर्ज मालकाला, नुकसानीची मदत मालकाच्या खात्यात. मक्ता मात्र बहुतेक ठिकाणी पेरणीआधी रोख. म्हणजे पाऊस गेला तर पेरणी, मजुरी आणि मक्ता तिन्ही बुडाले आणि कागदोपत्री त्याचं काहीच नुकसान झालं नाही. ‘शेती किती’ या रकान्यात त्याची सहा एकर दिसते आणि तो मध्यम शेतकरी ठरतो.

एकट्या बाईकडे विचारायचा पहिला प्रश्न: सातबारा कोणाच्या नावावर आहे? सासऱ्याच्या नावावर असेल, वारस नोंद झाली नसेल आणि फेरफार अडला असेल, तर शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही, आणि तो नसला की पुढच्या योजना बंद. जमीन तीच, कसणारी तीच, पण ताकद शून्य धरावी लागते.

अन्नाचा घटकही इथं जसाच्या तसा चालत नाही. ‘किती महिने धान्य पुरत नाही’ याला उत्तर शून्य येईल, कारण रेशनचं धान्य मोफत आहे, माणशी पाच किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. इथं आखडतं ते डाळ, तेल, दूध आणि भाजी. विचारा: मागच्या आठवड्यात वरण किती वेळा झालं, तेलाचा पुडा किती दिवस पुरवला. ज्वारीचा पेरा गेल्यापासून कडबाही गेला, म्हणून जनावरं असतील तर चारा कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

आणि एप्रिल-मे हा काळ चुकीचा आहे. कामाला बाहेर गेलेली घरं तेव्हा कुलूपबंद असतात, म्हणजे सर्वात नाजूक घरं नमुन्यातून गळतात आणि त्यांच्या जागी शेजारचं बरं घर येतं. एक फेरी जूनअखेर, पेरणी चालू असताना करा. सकाळी वावरात सगळे, म्हणून संध्याकाळी. दुसरी जानेवारीत, कापसाचा पैसा आलेला असताना. पाऊण तासाच्या वर बसू नका. त्यानंतर ‘हो’ ला ‘हो’ मिळत जातं.

पांदण_७

मोजपट्टीभाऊ, तपासलं. वीसपैकी अकरा घरांत कंस उणे आहे आणि त्यातली नऊ दर्यापूरकडची. सूत्र बदलतोय. प्रश्न ५२ वर आणले, जमिनीची खोली आणि पाणी स्वतः मोजणार. काम जूनअखेर आणि जानेवारी असं दोन फेऱ्यांत करणार.

दोन गोष्टी अजून अडतात. ‘पीक विमा काढला का’ आणि ‘घरातलं कोणी बाहेर कामाला जातं का’ हे दोन्ही सावरण्याच्या ताकदीत टाकले आहेत. बरोबर आहे का?

रोकड_उधार

विमा ‘काढला का’ हा सूचक टाका. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं एका रुपयात विमा होता, तेव्हा जवळपास प्रत्येकाचं उत्तर ‘हो’. ज्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच, तो घराघरांत फरक दाखवत नाही. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा लागू झाला, अन्नधान्य आणि गळितधान्याला दोन टक्के, कापसाला पाच. भरपाई आता पीक कापणी प्रयोगावर, तीही मंडळाच्या सरासरीवर. तुमच्या बरडातलं सोयाबीन वाळलं आणि मंडळातलं भारी जमिनीतलं तगलं, तर सरासरी उंबरठ्याच्या वर राहते आणि भरपाई मिळत नाही. तो उंबरठा मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी गुणिले ७० टक्के असा निघतो. जिथं पीक वारंवार बुडतं तिथं उंबरठाच खाली गेलेला असतो.

म्हणून विचारा: मागच्या पाच वर्षांत विम्याचे किंवा मदतीचे पैसे किती वेळा आले, कोणत्या महिन्यात, आणि त्यातून काय केलं? पुढच्या पेरणीच्या आत आले तर ताकद. नंतर आले तर तोवर उधारी झालेली असते, ते फक्त तिचे हप्ते.

वर्ष आठवत नसेल तर ठळक खुणा द्या. २०१७ ची गुलाबी बोंडअळी, २०२३ चा कोरडा ऑगस्ट. ‘त्या वर्षी सगळ्यात आधी काय विकलं, मग काय’ हा एकच प्रश्न दहा प्रश्नांचं काम करतो. उधारी, मग सोनं गहाण, मग शेळ्या, मग बैलजोडी, मग शेत मक्त्याने देणं, शेवटी शेत. घर कोणत्या पायरीवर थांबलं आणि परत वर यायला किती हंगाम लागले ते लिहा. बैलजोडी विकलेल्या घराने पुढच्या वर्षी डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) कोणाच्या बैलांनी आणि कोणत्या तारखेला केली, तेही विचारा. भाड्याचा नंबर लागेपर्यंत तण चढलेलं असतं.

तांडा_बेडा

बाहेर जाण्याचं मी वेगळं करतो. तीन प्रश्न: निघण्याआधी उचल (मुकादमाकडून आगाऊ रक्कम) घेतली होती का, कोण कोण गेलं, आणि पेरणीआधी परतले का. उचल घेऊन नवरा-बायको पोरांसकट गेले असतील तर ती ताकद नाही, तो नाजूकपणा. पोरं शाळेतून तुटली, रेशन घेणं अवघड झालं, आणि उचल फिटली नाही तर पेरणीला यायलाही मोकळीक नाही. एकटा मुलगा पगारावर गेला, महिन्याला पैसे पाठवतो आणि घरी शेती चालू आहे, तर ती ताकद. दोन्हींना एकाच रकान्यात ‘हो’ लिहिलं तर सर्वात वाईट घर आणि सर्वात बरं घर एका ओळीत बसेल.

जूनअखेरच्या फेरीत जे घर परतलेलंच नसेल, तिथं ‘कुलूप’ असं लिहा आणि जानेवारीत पुन्हा जा. त्याऐवजी शेजारचं घर घेऊ नका.

काळी_कसदार

टीडीएसची तारीखही फेऱ्यांना बांधून टाका. जूनअखेर पाऊस झालेला असला की विहिरीत वरचं पाणी गोड लागतं आणि मीटर फसवतो. पाणी मे महिन्यात एकदा मोजून या, दुसऱ्यांदा ऑक्टोबरअखेर, पंप दहा मिनिटं चालू ठेवून मगच भांडं धरा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात घेते, त्यामुळे तुमचे दोन आकडे त्यांच्या नोंदींच्या शेजारी ठेवता येतील. आणि त्याच फेरीत पिण्याचं पाणी किती दिवसांआड येतं ते लिहून घ्या. दर्यापूरकडे विहिरीचं पाणी पिण्याजोगं नसलं की घरं नळयोजनेवरच असतात, आणि तिला आठवडा लागला तर त्या दिवशीची मजुरी पाण्यात जाते.